दुसऱ्या जिन्यावरच्या मुलास

प्रिय मित्रा,

फ्रान्समधल्या ब्ल्वा गावी, स्टेशनबाहेर शांबोर राजवाड्याच्या बसची वाट बघताना तू आमचं भांडण ऐकलंस. आई म्हणत होती, "मी खालीच बसते, माझे गुडघे चढायचे नाहीत." मी म्हणत होते, इतकं लांब आलो ते बाकावर बसायला का? तेवढ्यात मागून आवाज आला, "आजी, मीही तिकडेच चाललोय." परक्या गावात मराठी ऐकून दोघी गप्प झालो.

राजवाडा लांबून दिसला आणि आई म्हणाली, "खाली किल्ला नि वर अख्खं गाव वसवलंय की!" वास्तुकला शिकणारा तू हसलास आणि सांगू लागलास: 426 खोल्या, 282 फायरप्लेस, 77 जिने. 1519 मध्ये राजा पहिल्या फ्रान्स्वाने काम काढलं, आणि 32 वर्षांच्या कारकिर्दीत स्वतः इथे राहिला जेमतेम 72 दिवस. "मग एवढ्या खोल्या झाडायच्या कुणी?" या आईच्या प्रश्नावर मात्र तू निरुत्तर.

पण आभार मानायचेत ते मधल्या जिन्याबद्दल. एकाच पोकळ खांबाभोवती दोन जिने पीळ घेत वर जातात, आणि एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्याला कधीच आडवा येत नाही. लिओनार्दो दा विंचीची ही कल्पना, असं मी वाचलेलं ठोकून दिलं. तू सावकाश म्हणालास, "ताई, असेलही, पण तसा कागद कुठे नाही. काम सुरू व्हायच्या आधीच तो वारला होता." हे मला फार आवडलं. गाइड असता तर बिनदिक्कत हो म्हणाला असता.

मग आईला म्हणालास, "आजी, तुम्ही इकडून चढा, मी तिकडून येतो. बघू भेटतो का." मधल्या खांबाला झरोके आहेत. प्रत्येक झरोक्यापाशी आई थांबायची, वाकून तुला शोधायची. तुझा चेहरा पलीकडे दिसायचा, हात हलायचा, की पुन्हा नाहीसा. ती खेळात रमली. दर झरोक्याला तिला दम खायला मिळत होता, हे माझ्या लक्षात आलं ते पार वरच्या मजल्यावर. तुझ्या मात्र ते आधीच लक्षात होतं.

तिथल्या छतावर कोरलेला सॅलमँडर, म्हणजे राजाचं चिन्ह असलेला पालीसारखा प्राणी, बघून आई ओरडली, "अगंबाई, पाल!" आणि गच्चीवर धुराड्यांच्या पांढऱ्या दगडात बसवलेले काळे चौकोन, वर्तुळं बघून तिने बोट ठेवलं, "ही तर पाटी!" खरंच पाटीचाच दगड, इटलीतल्या रंगीत संगमरवराची हौस त्यावर भागवलेली. तीस वर्षं पाटीवर अक्षरं गिरवून घेतलेल्या बाईला ते ओळखता यावं, यात नवल नाही. भिंतींवर लोकांनी कोरलेली जुनी नावं बघून मात्र तिला आपले गड आठवले आणि तोंड कडू झालं.

परतीच्या बसची वेळ मी चुकीची वाचली होती, तीही तूच सुधारलीस. नाहीतर रात्र त्या जंगलात.

आई आता शेजारणींना तो जिना समजावून सांगते. परवा लाटण्याला लाल आणि पांढरी अशा दोन नाड्या गुंडाळून दाखवत होती, "ही लाल मी, आणि हा पांढरा तो मुलगा."

तुझी,
बसमधली ताई