नव्या दवाखान्याला 'गिरणगाव' हेच नाव द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागात, एका बंद गिरणीच्या आवारात, सरकारी दवाखान्याची इमारत उभी राहते आहे. अजून गिलावा वाळलेला नाही, पण नाव कोणाचं द्यायचं याचे फलक चौकात लागलेसुद्धा. सगळी नावं पुढाऱ्यांची. माझा जन्म इथल्या चाळीतला, वडील गिरणीत साच्यावर होते आणि मी स्वतः 35 वर्षं परिचारिका होते. म्हणून लिहिते आहे.

मध्यंतरी लेकीकडे कॅनडात हॅलिफॅक्सला गेले होते. तिथे बेडफर्ड बेसिनच्या काठी आफ्रिकव्हिल नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. त्यांनी जमीन विकत घेतल्याच्या नोंदी 1848 पासूनच्या आहेत. माणसं शहराला कर भरत, पण शहराने त्यांना नळ दिला नाही, गटार दिलं नाही, पक्का रस्ता दिला नाही. दिलं काय, तर शेजारी तुरुंग, साथीच्या रोगांचं रुग्णालय आणि डम्पिंग ग्राउंड. तिथल्या विहिरीजवळच्या एका पाटीचा जुना फोटो पाहिला. पाणी उकळूनच वापरा, असं लिहिलेलं. हेच वाक्य मी आयुष्यभर बाळंतिणींना सांगत आले, पण त्या फोटोपुढून मला हलवेना. शंभर वर्षांहून जास्त काळ राहिलेल्या माणसांना नळ मिळाला नाही तो नाहीच.

मग शहराने त्याच वस्तीला गलिच्छ ठरवलं आणि 1964 पासून ती पाडायला घेतली. सुमारे 400 माणसं. काहींचं सामान चक्क कचऱ्याच्या गाड्यांतून हलवलं. त्यांचं चर्च 1967 मध्ये रात्रीच्या अंधारात पाडलं. पुढे त्या जागी बाग झाली आणि तिला 'सीव्ह्यू' असं गोड नाव मिळालं. समुद्र दिसतो, माणसं दिसत नाहीत. पण तीच माणसं दर उन्हाळ्यात पोराबाळांना घेऊन त्या गवतावर जमत राहिली. 2010 मध्ये महापौरांनी माफी मागितली आणि 2011 मध्ये बागेला आफ्रिकव्हिल हे नाव परत मिळालं.

त्यांचं दुःख आणि आमचं दुःख एकच, असं मी म्हणणार नाही. त्यांना कातडीच्या रंगापायी नाकारलं गेलं. पण नाव पुसलं जाणं म्हणजे काय, हे आम्हालाही कळतं. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, शेजारीपाजारी विरार, बदलापूर, गावाकडे पांगले. टॉवरची नावं मला धड उच्चारता येत नाहीत. 'गिरणगाव' हे नाव आम्ही बोलतो, पण या नावाचं स्टेशन नाही.

दवाखान्याला ते नाव द्या. दाराशी एका भिंतीवर पाडलेल्या चाळींची नावं कोरा, रहिवासी ज्या नावाने ओळखत त्याच नावाने. पुढाऱ्यांसाठी चौक आहेत, पूल आहेत.

यादी करायला जुनी कागदपत्रं लागतील. माझ्याकडे आईचं रेशनकार्ड आहे, त्यावर चाळीचा पत्ता आणि खोली क्रमांक अजून स्पष्ट वाचता येतो. ते मी आणून द्यायला तयार आहे. विरार-बदलापूरला गेलेल्यांनीही आपापली कागदपत्रं शोधून ठेवावीत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, काळाचौकी, मुंबई