इंदूरला निघण्याआधी

नाशिक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) तुझ्या हिऱ्यांच्या सेलसाठी, म्हणजे दोन हिऱ्यांमध्ये नमुना दाबण्याच्या प्रयोगासाठी, बीमटाइम (किरण वापरायची ठरावीक वेळ) मिळाल्याचं वाचून फार आनंद झाला. तिथे क्ष-किरण चोख मिळतील, पण प्रयोग तरणार की बुडणार हे गॅस्केटच्या, म्हणजे हिऱ्यांमधल्या नमुना धरणाऱ्या पत्र्याच्या, भोकावर ठरेल. ते काम घाईत उरकू नकोस.

तुझ्या हिऱ्यांचं क्युलेट (टोकाचा सपाट भाग) 300 मायक्रॉनचं आहे. 250 मायक्रॉन जाडीचा स्टीलचा पत्रा त्यांच्यात दाबून 50 वर आण आणि ठशाच्या बरोबर मध्यावर 100 मायक्रॉनचं भोक पाड. पत्रा काढण्याआधी दिशेची खूण कर, नाहीतर परत बसवताना ठसा जुळत नाही. दाब वाढताना भोक किंचित आकसायला हवं. पसरायला लागलं तर पत्रा जाड राहिलाय किंवा आत द्रव जास्त झालाय, तिथेच थांब. एका बाजूला सरकलं तरी थांब, नाहीतर पत्रा फुटतो आणि हिराही हातचा जातो.

नमुना अगेटच्या खलात अगदी मऊ होईपर्यंत खल. कण जाड राहिले की क्ष-किरण विवर्तनाची (नमुन्यातून विखुरलेल्या किरणांची) वर्तुळं तुटून ठिपके उमटतात, मग तीव्रतेवर भरवसा ठेवता येत नाही. भोक ठासून भरू नकोस. नमुना दोन्ही हिऱ्यांना एकदम टेकता कामा नये. दाब सगळीकडून सारखा पोचवणारं मिथेनॉल-इथेनॉलचं 4:1 मिश्रण भराभर उडतं, म्हणून थेंब सोडला की लगेच सेल बंद कर. बुडबुडा दिसला तर पुन्हा भर. हे मिश्रण साधारण 10 गिगापास्कल (दाबाचं एकक) पर्यंतच साथ देतं. पुढे ते घट्ट होतं आणि विवर्तनाची शिखरं रुंदावतात. तो नमुन्याचा गुण समजू नकोस.

दाब सेलमधल्या माणकाच्या कणाच्या चकाकीवरून मोज: तिची 694.2 नॅनोमीटरची प्रकाशरेषा दर गिगापास्कलला 0.365 नॅनोमीटरने सरकते. मात्र तापमान 50 अंशांनी वाढलं तरी ती जवळपास तेवढीच सरकते! म्हणून तापवताना सोन्याची पूड सोबत ठेव आणि तिच्या जालकाच्या (अणूंच्या मांडणीच्या) मापावरून दाब काढ. लेझरने तापवणार असशील तर नमुन्याच्या दोन्ही बाजूंना मिठाचा पातळ थर हवाच. हिरा उष्णता झटक्यात ओढून घेतो.

आपल्या नाशिकच्या काळ्या पाषाणाची पूड घ्यायचा तुझा विचार मला मनापासून आवडला, पण पहिल्याच फेरीत नको. बेसॉल्टमध्ये प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन ही खनिजं एकत्र असतात, त्यांच्या विवर्तनरेषा एकमेकींवर चढतात. आधी पोटॅशियम क्लोराइड घे. साधारण 2 गिगापास्कलला त्याची रचना बदलते, त्यावरून सगळी मांडणी तपासून होईल.

सेल भरलास की भोकाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठव, स्क्रू आवळण्याआधीचा आणि नंतरचा.

तुझा मित्र