फोंड्यातल्या एका मोबाईल रिपेअरवाल्याचं गोव्याच्या माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

मंत्री महोदय,

नमस्कार. माझं फोंड्यात मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, बारा-तेरा वर्षं झाली. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग जॅक, पावसात भिजलेले फोन, हेच काम. मंत्र्याला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

आधी एक कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. फोनवर नजर ठेवणारी ॲप्स मी स्वतः लोकांना बसवून दिलीत. पाचशे रुपये घ्यायचो. बहुतेक गिऱ्हाईक म्हणजे आईबाप, मुलगी दहावीत आहे रात्री दोन दोन वाजेपर्यंत फोनवर असते कोणाशी बोलते कळत नाही, काहीतरी करा ना. मलाही पोरं आहेत, मला वाटायचं आपण पुण्याचंच काम करतोय.

हे ॲप बसतं कसं ते तुमच्या अधिकाऱ्यांना ठाऊक असेल पण आईबापांना नसतं. लपून राहणारं ॲप प्ले स्टोअरवर चालत नाही, गूगलने २०२० मध्येच तसा नियम केला. म्हणून कंपनीच्या वेबसाईटवरून फाईल उतरवायची. फोन ती घेत नाही, वॉर्निंग देतो, मग प्ले प्रोटेक्ट, म्हणजे धोक्याची ॲप्स अडवणारा गूगलचा पहारेकरी, बंद करायचं. मग अनोळखी ॲपला परवानगी, मग ॲक्सेसिबिलिटी चालू, म्हणजे स्क्रीनवर जे दिसेल ते सगळं ॲपला वाचता येतं, मग नोटिफिकेशन, लोकेशन, माईक, कॅमेरा, सगळ्याला हो हो हो. शेवटी आयकॉन गायब. दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांत मी त्या पोरीच्या फोनची एकूण एक कडी काढून ठेवलेली असायची, आणि बाप खूश होऊन घरी जायचा की आता मुलगी सेफ आहे.

आता तुम्ही सोळा वर्षांखालच्या मुलांना ऑस्ट्रेलियासारखी सोशल मीडियाबंदी आणता येते का ते बघताय असं बोललात. करा न करा तो तुमचा विषय. पण तेव्हापासून माझ्या काउंटरवर एकच टेप चालू आहे, बंदी येईल तेव्हा येईल तोपर्यंत ॲप घालून द्या. एका शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर तर अशा ॲपची लिंकच फिरली, शाळेचं नाव घेत नाही, सरांनी चांगल्या मनानेच टाकली असणार. म्हणून हे पत्र.

मुलीचे मेसेज, फोटो, ती कुठे आहे, हे सगळं बापाच्या फोनवर थेट येत नाही हो. ते आधी कोणाच्या तरी सर्व्हरवर जातं, तिथून बाप बघतो. तो सर्व्हर कुठल्या देशात, चालवतो कोण, त्याला कुलूप आहे की नुसतीच कडी, कोणाला माहीत? आणि हे धंदे इतक्या वेळा फुटलेत की मोजता मोजता कंटाळा येतो. एमस्पाय नावाचं त्यातलं मोठं नाव, २०१५ मध्ये फुटलं, २०१८ मध्ये फुटलं, २०२४ मध्ये परत. पोलंडचं लेटमीस्पाय जून २०२३ मध्ये हॅक झालं, लोकांचे मेसेज, कॉल, लोकेशन सगळं बाहेर, दोन महिन्यांत दुकान बंद. अमेरिकेत स्पायफोन नावाच्या असल्याच कंपनीवर २०२१ मध्ये तिथल्या सरकारी ट्रेड कमिशनने बंदीच घातली. मला सगळ्यात हलवून गेलं ते २०२५ मधलं कॅटवॉचफुल. आमचं ॲप कोणाला सापडणारच नाही अशी जाहिरात, आणि स्वतःच्या ६२,००० गिऱ्हाइकांचे ईमेल आणि पासवर्ड साध्या अक्षरात लिहून ठेवलेले, ते उघड्यावर आले, सोबत २६,००० फोनमधला माल. त्यात भारतातलेही फोन होते. आणि गंमत बघा, त्या न सापडणाऱ्या ॲपला डायल पॅडवर ५४३२१० दाबून कॉल लावला की ते आपणहून उघडं पडायचं. ज्यांनी पासवर्ड साधे लिहून ठेवले त्यांच्याकडे आपण आपल्या पोरींचे फोटो ठेवायला देतोय, तेही महिन्याचे पैसे भरून.

तुमच्याकडे पर्यटन खातंही आहे म्हणून हे पण सांगतो. पीसीटॅटलटेल म्हणून असंच एक होतं, कॉम्प्युटरच्या स्क्रीनचे फोटो काढत राहणारं. ते २०२४ मध्ये अमेरिकेतल्या काही हॉटेलांच्या चेक-इन कॉम्प्युटरवर सापडलं, पाहुण्यांची नावं आणि बुकिंगची माहिती त्यातून दिसत होती. कळंगुट ते काणकोण आपल्याकडे किती रिसेप्शन आहेत आणि त्यातल्या किती मालकांनी स्टाफवर लक्ष ठेवायला असं काही टाकलंय, एकदा विचारून तर बघा.

आता ज्यासाठी मी हे काम सोडलं ती गोष्ट. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

गणेश चवथीच्या आधी एक बाई आली. नवरा बोटीवर, सहा-आठ महिन्यांनी येणारा, फोन त्यानेच मागच्या सुट्टीत आणून दिलेला. म्हणाली, भाई, फोन फार तापतो आणि दिवसाचा डेटा दुपारीच संपतो. मला आधी व्हॉट्सॲपची शंका आली, कारण खरं सांगायचं तर दहातल्या सात केसमध्ये ॲप बिप काही नसतं, कोणीतरी दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर लिंक करून ठेवलेलं असतं, लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन काढलं की झालं. तिथे काही नव्हतं. मग ॲक्सेसिबिलिटी उघडली. तिथे सिस्टम सर्व्हिस नावाचं काहीतरी चालू होतं, आणि कंपनीच्या फोनमध्ये त्या नावाचं काही नसतं. मी म्हटलं ताई, तुमच्यावर कोणीतरी नजर ठेवलीय, दोन मिनिटं थांबा, काढून टाकतो.

तिने फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला. म्हणाली, काढू नका, काढलं की त्याला कळेल.

मग सांगायला लागली. तो तिकडे समुद्रात, आणि संध्याकाळी फोनवर विचारतो की माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या, बाजारात एवढा वेळ काय करत होतीस. हिला वाटलं नणंद चुगल्या लावते. आठ महिने ती नणंदेशी धड बोलली नव्हती. ती बिचारी नणंद! एवढं सांगून तिने घड्याळ बघितलं आणि विचारलं, मी इथे येऊन किती वेळ झाला? म्हटलं, वीस मिनिटं. मग बिल द्या काहीतरी, तो विचारणार. मी स्क्रीनगार्ड काढला, नवीन लावला, दीडशेचं बिल फाडलं. ती जिना उतरून गेल्यावर माझ्या डोक्यात आलं की माईकची परवानगीही चालूच होती आणि आम्ही दोघं त्या फोनसमोरच बोलत होतो. त्या रात्री झोप लागली नाही.

तुम्ही म्हणाल पोलिसात जायचं, सायबर सेल आहे की. आहे. कायदाही आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. पण काउंटरवर मी ऐकतो ते वेगळंच. नवरे म्हणतात फोन माझ्या पैशाचा, बायको माझी, कसला गुन्हा. २०२५ च्या जुलैपासून एक नवीन वाक्य आलंय, कोर्टात चालतं म्हणे. सुप्रीम कोर्टाने तेव्हा सांगितलं की नवराबायकोचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या केसमध्ये पुरावा म्हणून घेता येईल. पुरावा घेता येईल म्हणजे हेरगिरी करा असं नाही, पण लोकांनी तेवढंच उचललं. आणि २०२३ चा तो नवा डेटा संरक्षण कायदा, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, तो वाचायला मी भाच्याला बसवलं, वकिली शिकतो तो. तर त्यात स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी माणसाने वापरलेली माहिती कायद्याच्या बाहेरच ठेवलीय. म्हणजे घरातल्या हेराला तो कायदा हात लावत नाही.

कायदा दिल्लीचा, ते तुमच्या हातात नाही, मान्य. पण रायबंदरचं सायबर पोलीस स्टेशन तर आपलं आहे. आता विचार करा, ती बाई तक्रार द्यायला निघाली. फोन घेऊनच जावं लागणार, पुरावा त्यातच आहे. फोंड्याहून बस धरली, बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, रायबंदर, आणि नकाशावरचा तो टिपका तिच्याबरोबर सरकत सरकत पोलीस स्टेशनच्या दारात जाऊन थांबला. बोटीवरच्या माणसाला तक्रारीआधीच बातमी. फोन घरी ठेवून गेली तर दाखवणार काय? सायबर हेल्पलाइनच्या १९३० वर फोन करावा तर तो कॉल त्याच फोनच्या लिस्टमध्ये पडणार.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. फोन तपासायचं टेबल बाई आधीच जिथे जाते तिथे ठेवा. फोंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दिवसाला शेकडो माणसं येतात, तिथे दीड तास थांबली तर कोणी विचारत नाही, उलट दोन तास लागले असंच सगळे म्हणतात. तिथे एक शिकलेली बाई बसवा, जी फोन बाजूच्या खोलीत ठेवून मगच बोलेल, ॲप लगेच उडवणार नाही, आधी दुसऱ्या फोनने सेटिंगच्या त्या पानांचे फोटो काढून ठेवेल, आणि काढायचं की नाही, कधी काढायचं ते त्या बाईला ठरवू देईल. बारा तालुके, बारा टेबलं. कार्यक्रमाच्या एका मंडपाला याहून जास्त खर्च होतो, राग मानू नका.

शाळांनाही एक परिपत्रक जाऊ दे की असल्या लिंक पाठवू नका. ज्यांना मुलांवर लक्ष ठेवायचंच आहे त्यांना गूगलचं फॅमिली लिंक फुकट आहे, ते मुलाला दिसतं, त्याला सांगूनच लावावं लागतं, भांडण होतं ते समोरासमोर होतं. आणि आम्हा दुकानवाल्यांना पण काहीतरी लेखी द्या. आज मी नाही म्हटलं तर तो बाप पुढच्या गल्लीत जातो आणि तिथे तीनशेत होतं. भिंतीवर सरकारी कागद असेल तर बोट दाखवता येईल.

ती बाई परवा परत आली होती. स्क्रीनगार्डला ओरखडासुद्धा नव्हता. मी तिचा फोन आतल्या ड्रॉवरमध्ये पंख्याखाली ठेवला, माझ्या फोनवरून तिने तिच्या भावाला कॉल लावला, नऊ-दहा मिनिटं बोलली. मग गार्ड काढला, दुसरा लावला. पैसे घेतले नाहीत, पण बिल दीडशेचं लिहून दिलं.

आपला,
फोंड्यातला एक मोबाईल रिपेअरवाला