दिवे राहू द्या, बटण काढा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात परवा एका वाचकाने पिकअप गाड्यांच्या मागे लावलेल्या जादा दिव्यांबद्दल तक्रार केली आहे. इंदूरच्या ए. बी. रोडवर रात्री पुढच्या पिकअपचा पांढरा झोत डोळ्यांवर येतो, तेव्हा असले सगळे दिवे पोलिसांनी उतरवून घ्यावेत, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा त्रास खरा आहे, मागणी मात्र मला पटली नाही. रोज गाडी मागे घेणाऱ्यांचीही बाजू छापून यावी, म्हणून हे पत्र.

आमचा मांडव, खुर्च्या आणि जेवणाची भांडी भाड्याने देण्याचा धंदा आहे. तुळशीची लग्ने लागली की आमची पिकअप दिवसापेक्षा रात्री जास्त चालते, कारण शेवटची पंगत उठल्याशिवाय भांडी हलत नाहीत. रामबाग, नारायणबागेकडच्या जुन्या गल्ल्यांत गाडी वळवायला जागा नसते, शिरायचे ते मागे मागेच. एका अंगाला ओटे, दुसऱ्या अंगाला ओळीने लावलेल्या स्कूटी, आणि हौद्यात पातेल्यांची चळत इतकी उंच की कॅबिनमधल्या आरशात ॲल्युमिनियमशिवाय काही दिसत नाही. मागे आमचा एखादा पोरगा हौद्यावर थापा मारत ‘आने दो, आने दो’ ओरडत असतो आणि ड्रायव्हर त्या थापांच्या भरवशावर गाडी घेतो. तो पोरगा स्वतः गाडी आणि भिंत यांच्या मधल्या अंधारात उभा असतो, याचा विचार कोणी करत नाही.

कंपनीने दिलेला रिव्हर्सचा दिवा म्हणजे बहुतेक गाड्यांत २१ वॅटचा बल्ब, हौद्याच्या तळाखाली, टेललाइटच्याच डब्यात. गाडी मागे येते आहे हे मागच्याला कळावे एवढे काम तो करतो. ड्रायव्हरला मागची नाली दिसावी एवढा उजेड त्याचा पडत नाही. पावसाळ्यात काचेवर चिखल बसतो, आणि माल उतरवायला हौद्याचा मागचा फाळका खाली सोडला की काही गाड्यांत तो दिव्यासमोरच लोंबतो. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचा सेन्सर सक्तीचा झाला, पण तो नियम प्रवासी मोटारींचा. मालाच्या जुन्या पिकअपवाल्याने हौसेने कॅमेरा बसवला तरी अंधारात त्या कॅमेऱ्याला काय दिसणार?

बरे, रात्री रस्त्यावर कोणी नसते असेही इंदुरात म्हणायची सोय नाही. २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिले आलो, तेव्हापासून आपण ते मिरवत आलो आहोत. पण त्यासाठी राबणारी माणसे रात्रीच झाडू घेऊन निघतात. राजवाड्याच्या आसपास किंवा सराफ्याच्या तोंडाशी वाकून झाडणारी बाई आरशात येत नाही. उजेड असला तर निदान तिची सावली तरी दिसते.

आता तक्रारीच्या मुळाशी येतो. दोष दिव्यांचा नाही, डॅशबोर्डवरच्या बटणाचा आहे. वायरमन सोपा मार्ग काढतो: बॅटरीवरून थेट वायर आणि समोर एक बटण. मालकही खूश, कारण चोइथराम मंडीत पहाटे कांदा-लसूण उतरवताना त्याच दिव्यांचा उजेड मिळतो. मग थकलेला ड्रायव्हर बटण बंद करायला विसरतो आणि गाडी तशीच झगझगत राऊपर्यंत जाते. काही महाभाग तर मागच्याने अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत) मारला की मुद्दाम हे बटण दाबतात. त्यांचे दिवे खुशाल उतरवा, माझी हरकत नाही.

एआयएस-००८ या वाहन मानकात याचे उत्तर आहेच. रिव्हर्सचा दिवा पांढरा असावा, रिव्हर्स गिअर पडल्यावरच लागावा आणि जमिनीपासून १२०० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा. म्हणजे कॅबिनच्या टपावर मागे तोंड करून बसवलेल्या दिव्यांच्या पट्ट्या मुळातच बाद.

दुसराही एक सोपा मार्ग आहे, तो दिसत नाही म्हणून जास्त वाईट. जुन्या बल्बची वायर सोलायची, नव्या दिव्यांची त्यावर पिळायची आणि टेप मारायचा. २१ वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात. ती वायर आणि गिअरबॉक्सवरचा स्विच त्याच बेताचे असतात. त्यांच्यावर ५५ वॅटचे दोन हॅलोजन चढवले की नऊ अँपिअरचा बोजा वाढतो. आमच्या गाडीला एका दुकानाने हेच करून दिले होते. रिव्हर्स टाकला की फ्यूज जायचा आणि त्याच फ्यूजवरचे इंडिकेटरही बंद पडायचे. वर त्या कारागिराचा सल्ला काय, तर फ्यूजच्या जागी तार बांधा! म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरच जळाली असती.

योग्य काम रिलेने, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचने होते. चार पायांचा साधा रिले कोणत्याही स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतो. त्याच्या ८६ नंबरला जुन्या रिव्हर्स दिव्याची वायर, ८५ ला अर्थिंग, ३० ला बॅटरीवरून आलेली जाड वायर आणि ८७ वरून नवे दिवे. रिव्हर्स पडला की जुन्या वायरीतून रिले ओढण्यापुरताच जादा करंट जातो, दिव्यांचा भार बॅटरीवरून येतो. गिअर काढला की दिवे आपोआप विझतात, विसरायला काही उरतच नाही. फ्यूज बॅटरीला लागून हवा. तो दिव्यापाशी बसवला आणि वायर मध्येच कुठे चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला घासून शॉर्ट झाली, तर त्याचा उपयोग शून्य. दिवे १८ वॅटचे दोन एलईडी पुरतात. दोन्ही मिळून तीन अँपिअर, म्हणजे २१ वॅटच्या दोन बल्बांपेक्षाही कमी. घेताना पसरट झोताचे घ्यावेत. लांब झोताचे घेतले तर गल्लीच्या टोकाचे घर उजळते आणि गाडीजवळची नाली अंधारातच राहते. फाळक्याखालच्या पट्टीवर, थोडे जमिनीकडे झुकवून बसवले की प्रकाश गाडीमागच्या चार-पाच मीटरमध्येच पडतो.

मंडीतल्या उजेडाची गरजही खोटी नाही. त्यासाठी हौद्याच्या आत, कॅबिनकडे तोंड करून वेगळा छोटा दिवा लावावा. त्याला बटण असायला हरकत नाही.

वाहतूक पोलिसांनी आणि परिवहन कार्यालयाने सरसकट दिवे तोडण्याची मोहीम काढू नये, एवढी विनंती आहे. मालाच्या गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस, म्हणजे गाडी धड असल्याची सरकारी तपासणी, करून घ्यावे लागते. तिथे गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून डॅशबोर्डवरचे प्रत्येक बटण दाबून पाहावे. मागे झोत लागला तर बटण तोडायला लावावे, फिटनेस अडवावे. मागे दिवे किती, कुठे आणि केवढे चालतील याचा एक कागद सोप्या भाषेत कार्यालयाच्या भिंतीवर लावावा आणि त्याची एक प्रत ट्रान्सपोर्ट नगरातल्या वायरमन मंडळींनाही द्यावी. लगीनसराई तोंडावर आहे, हे त्याआधी झाले तर बरे.

आपला,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर