एफडी करू नका, खर्च करा

मुलुंड, मुंबई

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा दादाशी बोलताना त्याच्या तोंडून निघून गेलं की मी दर महिन्याला पाठवते त्या पैशांना तुम्ही हातही लावत नाही. बाबा त्याच्या एफडी करतात आणि नॉमिनी म्हणून माझंच नाव घालतात. "तिच्या कामाचं काही खरं नाही, उद्या बंद पडलं तर तिलाच लागतील." दादावर चिडू नका, मीच खोदून खोदून विचारलं. फोनवर हा विषय काढला की आईचा आवाज भरून येतो आणि बाबा टीव्ही मोठा करतात, म्हणून पत्र.

बाबा, तुमचं आयुष्य बेस्टच्या अकाउंट्समध्ये गेलं, तेव्हा तुम्हाला हिशेबच दाखवते.

माझ्याकडे पैसे दोन वाटांनी येतात. एक, नवीन वेबसाइट बनवण्याचं काम. ते कधी हाताला मावत नाही इतकं असतं, कधी महिना-महिना नसतं. निम्मे पैसे आगाऊ आल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही. सुरुवातीला एकाने पूर्ण काम करून घेऊन पैसे बुडवले, तेव्हापासूनचा हा नियम. दुसरी वाट देखभालीची. इंग्लंडमधला बेकरीच्या भांड्यांचा एक दुकानदार, मेलबर्नचा दातांचा एक दवाखाना आणि नेदरलँड्समधलं सायकलींच्या सुट्या भागांचं दुकान, यांच्या वेबसाइट मी सांभाळते. बॅकअप घ्यायचा, प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, अपडेट करायचे, भाव बदलले की बदलायचे, फॉर्म बंद पडला तर त्यांच्या गिऱ्हाइकाच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. याचे दरमहा ठरलेले पैसे मिळतात. तुम्हाला येतात ते यातलेच. नवीन कामाचे पैसे मी घरी पाठवतच नाही, ते बाजूला पडतात. ऑगस्टात अर्धा युरोप सुट्टीवर जातो आणि नाताळात सगळेच थंड होतात, तेव्हा माझं भाडं त्यातून निघतं.

एक तारखेला पगार नाही, हे खरं. पण कागद तुमच्या ऑफिसात नव्हते इतके आहेत. बिल परदेशी चलनात जातं. मधली एखादी बँक आपला वाटा कापून घेते, त्यामुळे पाठवले तेवढे पोचतातच असं नाही. मात्र आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेकडून 'फिरा' नावाचा दाखला मिळतो: पैसे परदेशातून आले आणि अमुक कामापोटी आले (कामाचा तो पर्पज कोड). बिल आणि फिरा एकत्र लावून ठेवते, तुम्ही व्हाउचर लावायचात तसे. परदेशी क्लायंट पैसे देताना कर (टीडीएस) कापत नाही, म्हणून तो माझा मीच भरते. सीएंनी मला व्यावसायिकांसाठीच्या अंदाजित नफ्याच्या सोयीत (जुन्या आयकर कायद्यातलं कलम ४४ एडीए) बसवलंय. एकूण जमेतली निम्मी रक्कम नफा धरायची आणि कर त्याच्यावर. रोखीचा व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत ही सोय चालते. माझं तर सगळंच बँकेतून येतं आणि ७५ लाख अजून स्वप्नातही येत नाहीत! आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरायचा. गेल्या मार्चचं चलन दादाला पाठवलंय, बघून घ्या. सॅलरी स्लिप नसली तरी ही विवरणपत्रं बँका कर्जाला बघतात, तेव्हा "उद्या घर कसं घेशील" हेही सोडा.

आता आई. शेजारच्या काकूंना तू "घरीच असते, कम्प्युटरवर काहीतरी करते" असं सांगतेस. सांग बापडी, पण रात्री नऊला मी फोन उचलला नाही की जेवले नाही असं समजू नकोस. उन्हाळ्यात इंग्लंड आपल्या साडेचार तास मागे असतं. आपले नऊ म्हणजे त्यांचे दुपारचे साडेचार, त्यांना घरी जायच्या आधी सगळं आजच हवं असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ तासभर मागे घेतात, मग माझंही जेवण तासभर पुढे जातं. मेलबर्नवाल्यांचं उलट, त्यांचं काम मी सकाळीच उरकते. दुपार माझी. दुपारी फोन करत जा.

बाबा पेपरातली कात्रणं पाठवतात, एआय आता वेबसाइट आपोआप बनवणार म्हणून. बनवतंयच. चार पानांची साधी वेबसाइट हवी असलेला माणूस हल्ली माझ्याकडे फारसा येत नाही, ते काम कमी झालंय आणि परत येईल असं मला वाटत नाही. पण बनवलेली वेबसाइट सांभाळायला आणि त्यातली गडबड ओळखायला माणूस लागतो. सायकलवाल्यांचंच घ्या. २८ जून २०२५ पासून युरोपीय संघात नवा कायदा लागू झाला: ऑनलाइन दुकान अंधांना, कमी दिसणाऱ्यांना, माउस धरता न येणाऱ्यांनाही वापरता आलं पाहिजे. अगदी छोट्या धंद्यांना सूट आहे, हे त्यांच्याहून मोठे. त्यांच्या साइटवर किमती पांढऱ्यावर फिक्या राखाडी अक्षरांत होत्या. दिसायला झकास! मोजलं तर दोन रंगांतला फरक (कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर) २.८५ भरला, लागतो किमान ४.५. राखाडी गडद करत आणला तेव्हा ४.५४ वर बसला. मग माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवरच्या टॅबच्या बटणाने खरेदी करून पाहिली, तर "पैसे भरा"पर्यंत पोचताच येईना. असं दुकानभर तपासत गेले. चांगले पैसे मिळाले, आणि देखभालीचे दरही वाढले.

ती राखाडी अक्षरं बघताना आई, तू आठवलीस. लाइट बिलावरची तारीख वाचायला तू कागद दारात उजेडाला नेतेस. डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकलाय म्हणून सांगितलंय आणि तू "दिवाळीनंतर बघू" म्हणतेस. कुठली दिवाळी ते मात्र सांगत नाहीस.

बाबा, मुदतीआधी एफडी मोडली तर व्याज कमी मिळेल, हे तुम्ही म्हणणारच. मोडू नका. पण ऑटो रिन्यूअल काढून टाका, आणि जिची मुदत आधी संपते तिचे पैसे आईच्या डोळ्याला. दुसरीतून पडवीचे पत्रे बदला, तिथे बादली लावायचं वय राहिलेलं नाही. माझ्या अडीअडचणीला माझी सोय आहे, सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढे पैसे वेगळ्या खात्यात आहेत. पासबुक बघायचं असेल तर पुढच्या खेपेला घेऊन येते.

रत्नागिरीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख दादा घेणार आहे. त्याला सोमवार-मंगळवार नको म्हणून सांगा, त्या दिवशी माझ्या मीटिंगा असतात. बुधवारनंतरची कुठलीही चालेल. लॅपटॉप घेऊन येईन, दवाखान्याच्या बाकावर बसूनही माझं ऑफिस चालतं.

तुमची,
मंजू