ताई, त्या रात्रीसाठी मनापासून थँक्यू

ताई, समोर बोलायला गेलं की तुम्ही "हो रे, चल काम कर" म्हणून विषय संपवता, म्हणून इथे लिहितोय.

मी डिप्लोमा करून नुकताच लागलेलो, सकाळी ड्रॉइंग सबमिट करायचं आणि रात्री साडेआठला क्लायंटचा फोन, सगळ्या फ्लॅटमध्ये त्या खोलीचं नाव स्टोअर काढून पूजा लिहा. 5 मजले, मजल्यावर 4 फ्लॅट, शिवाय दाराखिडक्यांच्या शेड्युलमध्ये पण तोच शब्द, आणि मी ऑटोकॅडमध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकेक टेक्स्टवर डबल क्लिक करत बसलो होतो, हात थरथरत होते खरंच. तुम्ही पर्स खांद्याला लावून निघाला होतात, ती परत टेबलावर ठेवलीत.

तुम्ही फाइंड कमांड मारलीत, रिप्लेसमध्ये पूजा टाकलंत, पण रिप्लेस ऑल मला दाबू दिलं नाहीत. आधी होल वर्डची, म्हणजे फक्त पूर्ण शब्द शोधायची, टिक लाव म्हणालात, कारण इंग्रजी स्पेलिंगमध्ये स्टोरीच्या (STOREY, म्हणजे मजला) पोटात पण स्टोअर (STORE) बसलेलं असतं, नाहीतर टायटल ब्लॉकमधल्या, म्हणजे ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीतल्या, मजल्यांची पण पूजा झाली असती! हे मला जन्मात सुचलं नसतं.

मग ते मिरर केलेले फ्लॅट, त्यातली अक्षरं आरशात दिसावी तशी उलटी. मी पुसून नव्याने लिहिणार होतो. तुम्ही सगळी सिलेक्ट करून कंट्रोल 1 दाबून प्रॉपर्टीज उघडल्यात, बॅकवर्डला नो केलंत, आणि पुढच्या वेळी मिरर करताना अक्षरं उलटू नयेत म्हणून MIRRTEXT हे सेटिंग 0 करून ठेवलंत.

पण सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते अक्षरांच्या हाइटचं. मी स्क्रीनवर बरं दिसेल ते टाकायचो. तुम्ही एक प्रिंट काढून त्यावर पट्टी ठेवलीत आणि विचारलंत, कागदावर अक्षर किती पाहिजे? अडीच मिलिमीटर. स्केल 1:100, म्हणजे मॉडेलमध्ये, जिथे आपण खऱ्या मापात काढतो, 250 मिलिमीटर. एवढंच, पण कॉलेजात हे असं हातात पट्टी देऊन कोणी दाखवलंच नव्हतं, आता कुठलंही ड्रॉइंग सुरू करताना मी आधी कागदाचा विचार करतो.

त्या रात्री तुमची शेवटची एसटी चुकली आणि भावाला गाडी घेऊन बोलवावं लागलं हे मला परवा कळलं, तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. त्याबद्दल सॉरी ताई, आणि खूप खूप थँक्यू.