आवाहन : यंदाच्या शास्त्रीय वाद्यवृंदाला हातभार लावा

स.न.वि.वि.

काहींचे धानाचे चुकारे अजून अडकलेले आहेत, हे मंडळाला ठाऊक आहे. तरी दार वाजवतो आहोत, कारण दिवस थोडे उरले.

आपल्या पोरापोरींचा वृंद यंदा यमन आणि मालकंस हे राग वाजवणार. पाहुण्या सतारवादक ताई नागपूरहून येतात. बिदागी नको म्हणाल्या, फक्त गाडीभाडं. बागेश्री त्या एकट्या वाजवतील, द्रुत गतीला वृंद सोबत असेल. अडचण इथेच आहे. त्यांची सतार काळी एक या पट्टीत लागते आणि आपला जुना ऑर्गन कणभर उतरलाय, दोन रीड तर मुक्याच. कारागीर बोलावून एकेक रीड घासून सुरात आणल्याशिवाय सगळे एकत्र बसूच शकत नाहीत.

हा ऑर्गन इथवर टिकला तो राइस मिलवाल्या शेठजींमुळे. भाता फाटला तेव्हा न मागता त्यांनी नवा बसवून दिला, वर पावतीवर नावही टाकू दिलं नाही. पाटलांच्या आजींनी गोऱ्हा विकून पहिली तबलाजोडी आणली, ती आजही वाजते. नाटकात रात्र-रात्र ऑर्गन वाजवणारे आपले भाऊ सकाळी डोळे चोळत पोरांकडून पलटे, म्हणजे सुरांचे सराव, घोटवून घेतात, एक पैसा न घेता. बचत गटाच्या बायांनी तालमीच्या पोरांना कधी उपाशी धाडलं नाही. या सगळ्यांचं ऋण फिटणारं नाही.

मैहरसारख्या छोट्या संस्थानात बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी अनाथ पोरं घेऊन वाद्यवृंद उभा केला, बंदुकीच्या नळ्यांचा नलतरंग बनवला. आपल्याला तर फक्त ऑर्गन दुरुस्त करायचा आहे!

शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला), नाटकाला वर्गणी द्यावीच, आम्हीही देतो. पण मागच्या वर्षी "भजनाला एवढे पैसे कशाले लागते?" असं ऐकून कार्यकर्ते परतले, आणि त्याच आळीत डीजेला हजाराच्या नोटा निघाल्या. राग नाही, पण लागलं.

कार्यक्रम 10 जानेवारी, शनिवार, रात्री 8, शाळेचं पटांगण. खर्च अंदाजे 60 हजार (ऑर्गन, माइक, जनरेटर, मंडप, गाडीभाडं, जेवण), जमा 22 हजार. वर्गणी कोषाध्यक्षांकडे किंवा बसस्टँडवरच्या किराणा दुकानात, पावती घ्याच. ऑर्गनचे पैसे 31 डिसेंबरच्या आत हवेत, कारागीर त्यानंतर मोकळा नाही. पैसे जमत नसतील त्यांनी तांदूळ, सतरंज्या, सरपण द्यावं. थंडी आहे, शाली आणा. मोबाइल बंद ठेवा.

आपला नम्र,
सचिव